रंगाखालचा थर

हाताने रंगवलेल्या लाकडी सामानाची चर्चा बहुधा मोर, कोयरी, वेलबुट्टी आणि दशावतार या आकृतींपाशीच थांबते, आणि ज्याच्या आधारावर त्या आकृती टिकतात ते अस्तर, म्हणजे उघड्या लाकडाची छिद्रे बुजवून रंगाला पकड देणारा लेप, दुर्लक्षित राहते. या सामानाचे लोककलापण मात्र आकृतीपेक्षा अस्तरात अधिक आहे.

परभणी जिल्ह्याला या कलेचे जवळचे उदाहरण निर्मळ येथे सापडते. आज तेलंगणात असलेले हे गाव आणि परभणी 1956 पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. तेथील नकाशी कारागीर पोनिकी नावाचे हलके, मऊ लाकूड वाळवून घडवतात, चिंचोक्यांची खळ आणि लाकडाचा भुसा कालवून सांधे जोडतात, त्यावर लेप चढवून तो घासून गुळगुळीत करतात आणि मगच कुंचला हाती घेतात. पूर्वीच्या खनिज व वनस्पतिजन्य रंगांची जागा आता बाजारच्या तैलरंगांनी घेतली असली, तरी ही पूर्वतयारी सुटलेली नाही. सावंतवाडीचे चितारी गंजिफा या हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या पानांनाही चिंचोक्याचेच अस्तर देत आले. दशावतारी गंजिफाच्या 120 पानांची ही परंपरा विसाव्या शतकात मोडकळीला आली असता तेथील राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेऊन सावरली, आणि पुढे तीच चित्रे चौरंग, पेट्या व इतर सामानावर उतरली. परभणीकडे हीच खळ घोंगडीच्या ताण्याला दिली जाते. म्हणजे साहित्य परके नाही, परका आहे तो त्याचा लाकडावरचा वापर.

वारली चित्रांची गोष्ट वेगळी आहे. लग्नाच्या वेळी सवाष्णींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढायचा चौक हा विधीचा भाग होता आणि तो पुसला जाणे गृहीतच होते. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रे कागदावर आणली तेव्हा त्यांना नवे माध्यम मिळाले, नवी रचनाही मिळाली. पण तीच तारपा या वाद्यावर नाचणाऱ्या माणसांची साखळी टीव्हीच्या कपाटावर चिकटवण्यात ना विधी उरतो, ना माध्यमाचा विचार.

परभणीच्या हवामानात अस्तर असण्या-नसण्याचा भेद केवळ तात्त्विक राहत नाही. उन्हाळ्यात पारा 42 अंशांच्या वर गेला की लाकूड आकसते, पावसाळ्यात ते ओलावा शोषून फुगते, आणि उघड्या लाकडावर थेट चढवलेला रंग या ताणाने आधी सांध्यापाशी, मग काठाला पोपडे धरतो. बसायच्या पाटाची तर घर्षणाने दुहेरी परीक्षा होते, म्हणून मध्यभाग मोकळा ठेवून वेल काठाला घेणारा रंगारी सौंदर्याइतकाच वापराचाही हिशेब करीत असतो.

जिंतूर, सेलू किंवा गंगाखेडच्या रुखवतात मांडण्यासाठी रंगवलेला पाट घेणाऱ्याने म्हणून आधी तो उलटा करून कडा पाहाव्यात आणि खाली अस्तर कशाचे आहे ते विचारावे. ते नीट असेल, तर वर कोयरी असो की सायकल, तो पाट घेण्याजोगा आहे.