फुकट दिलेल्या गोष्टीवर आपला हक्क किती?

गेल्या उन्हाळ्यात एका मित्राने मला व्हॉट्सअॅपवर एका जाहिरातीचा फोटो पाठवला. एका खासगी प्रशिक्षण वर्गाची जाहिरात होती. 'इंटरनेटशिवाय डीएनए तुलना शिका. सॉफ्टवेअर सोबत. फी फक्त १५०० रुपये.' खाली स्क्रीनशॉट होता आणि त्यातल्या मराठी सूचना माझ्या होत्या. 'एंटर दाबा आणि चहा पिऊन या, वेळ लागेल' हे वाक्यसुद्धा त्यांनी तसंच ठेवलं होतं. काढलं होतं ते फक्त माझं नाव.

आधी मी काय केलं होतं ते सांगतो. डीएनए किंवा प्रथिन म्हणजे शेवटी अक्षरांची एक लांबच लांब ओळ. डीएनएची चार अक्षरं, प्रथिनांची वीस. तुमच्या हातात एक अनोळखी ओळ आली, तर पहिला प्रश्न असतो की असं काही आधी कुठे सापडलंय का? तुरीतलं हे जनुक सोयाबीनमधल्या कुठल्या जनुकासारखं आहे? हे शोधण्याचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध साधन म्हणजे ब्लास्ट. ते पूर्ण ओळ एकदम जुळवायला जात नाही. आधी छोटे छोटे जुळणारे तुकडे पकडतं आणि तिथून दोन्ही बाजूंना वाढत जातं. गंमत म्हणजे त्या पहिल्या तुकड्याला 'सीड'च म्हणतात. बियाणं!

ब्लास्ट इंटरनेटवर कुणालाही फुकट वापरता येतं. पण आमच्या वाशिम जिल्ह्यात मी ज्या कॉलेजात शिकलो, तिथल्या लॅबमध्ये नेट कधी असायचं, कधी नसायचं. प्रॅक्टिकलच्या दिवशी तर हमखास नसायचं. म्हणून मी ब्लास्टची उतरवून घेता येणारी आवृत्ती घेतली, सोबत तूर, सोयाबीन आणि कापसाच्या प्रथिनांचा छोटा साठा जोडला, चार-पाच बटणांची एक खिडकी बनवली, मराठीत सूचना लिहिल्या आणि सगळं एका पेनड्राइव्हवर टाकून ज्युनियर्सना वाटलं. सोबतच्या फाइलमध्ये लिहिलं, 'वाट्टेल ते करा, वाट्टेल त्याला द्या.'

त्यांनी अगदी तेच केलं होतं. मग मला एवढा राग का आला?

घरी गेल्यावर बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग? तुयं काई कमी झालं का?"

बाबांना हा प्रश्न विचारायचा हक्क आहे. २०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात कितीतरी जणांचं विकतचं सोयाबीन उगवलंच नाही. आमच्याकडे घरचं बियाणं होतं. ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे आणि सत्तरच्या वर उगवले तर पेरायचं, ही तपासणी बाबा दरवर्षी करतात. त्या वर्षी त्यांनी मागेल त्याला धान्याच्या भावात बियाणं दिलं. त्यातल्या एकाने तेच पोतं दुसऱ्या गावात बियाण्याच्या भावाने विकलं. पोतं दिलं की घरातलं पोतं कमी होतं, म्हणजे बाबांचं खरंच काहीतरी गेलं होतं. माझी फाइल हजार जणांनी घेतली तरी माझ्याकडे होती तशीच राहते.

म्हणजे 'नुकसान' हे माझ्या रागाचं कारण असू शकत नाही. ते १५०० रुपये माझे कधीच होणार नव्हते. मग राहिलं ते नाव. माझ्या मेहनतीवर दुसऱ्याचं नाव, हे चुकीचं नाही का?

हा मुद्दा पक्का करायला मी माझंच फोल्डर पुन्हा उघडलं आणि तिथे मला लाज वाटली. ब्लास्ट हे अमेरिकी सरकारच्या एनसीबीआय या संस्थेचं काम आहे. तिथल्या कायद्याप्रमाणे सरकारी कर्मचाऱ्यांनी नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामावर कॉपीराइट नसतो. त्यामुळे सॉफ्टवेअरसोबतच्या सूचनेत वापराचं कुठलंही बंधन नाही. विनंती फक्त एक आहे, की यावर आधारून काही केलंत तर लेखकांचा उल्लेख करा. ती सूचना मी कधी वाचलीच नव्हती. माझ्या पेनड्राइव्हवर १९९० साली ब्लास्टचा शोधनिबंध लिहिणाऱ्या स्टीफन अल्टशूल, वॉरन गिश, वेब मिलर, यूजीन मायर्स आणि डेव्हिड लिपमन या पाच जणांपैकी एकाचंही नाव नव्हतं. तुरीच्या 'आशा' या वाणाचा जीनोम २०१२ साली इक्रिसॅटच्या नेतृत्वाखालच्या गटाने प्रसिद्ध केला. त्याच वाणावर आपल्या आयसीएआरच्या शास्त्रज्ञांनीही स्वतंत्रपणे काम केलं होतं. त्यांचाही उल्लेख नव्हता. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, माझं नाव होतं.

त्या वर्गाने माझ्याशी जे केलं, तेच मी सात-आठ जणांशी आधीच करून बसलो होतो.

या क्षेत्रात हा प्रश्न नवा नाही. मार्गारेट डेहॉफ या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी १९६५ साली प्रथिनांच्या अक्षरओळींचा पहिला संग्रह छापला. त्यात ६५ प्रथिनं होती. आज आपण प्रथिनांसाठी वापरतो ती एका अक्षराची खूणही त्यांचीच. जगभर विखुरलेले निबंध वाचून, चुका तपासून त्यांनी हे जमवलं. हे काम चालवायला पैसे लागायचे, म्हणून संग्रह विकला जायचा. पण ज्यांनी ओळी शोधल्या त्या शास्त्रज्ञांपैकी काहींना वाटू लागलं की आमचंच आम्हाला विकत का? १९८२ साली डीएनएच्या राष्ट्रीय संग्रहाचं, म्हणजे जेनबँकचं काम अमेरिकेत द्यायचं ठरलं, तेव्हा ते डेहॉफना न मिळता लॉस अलामोसच्या गटाकडे गेलं. सगळ्यांसाठी खुलं ठेवण्याची त्यांची भूमिका हेही त्यामागचं एक कारण होतं. पुढच्याच वर्षी डेहॉफ वारल्या. मला त्यांना खलनायिका म्हणवत नाही. गोळा करणं, निवडणं, नीट लावणं हेही कष्टच असतात. पण खुला संग्रह नसता, तर वाशिममधल्या पोराला तूर आणि सोयाबीन शेजारी ठेवून बघता आलं नसतं, हेही तितकंच खरं आहे.

मग द्यायचं कसं? एक मार्ग म्हणजे 'धंद्यासाठी वापरू नका' अशी अट. रागाच्या भरात मी तीच लिहायला घेतली होती. पण विचार केला तर ही अट आधी कुणाला अडवते? मोठी बियाणे कंपनी स्वतःचं सॉफ्टवेअर लिहून घेईल किंवा विकत घेईल. अडेल तो रिसोडमध्ये दोनशे रुपये घेऊन पोरांना शिकवणारा एखादा मास्तर, किंवा मानोऱ्यातली शेतकऱ्यांची छोटी उत्पादक कंपनी.

बियाण्याच्या कायद्यात मला एक चांगला धडा दिसतो. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ प्रमाणे शेतकरी संरक्षित वाणाचंही बियाणं राखू शकतो, पेरू शकतो, वाटू शकतो, विकूसुद्धा शकतो. फक्त ब्रँड लावून, पिशवीवर नाव छापून विकता येत नाही. म्हणजे बियाणं हातोहात फिरायला हरकत नाही, खोटी ओळख लावायला आहे.

याच नजरेने ती जाहिरात पुन्हा पाहिली, तेव्हा खरं नुकसान कुणाचं झालं ते कळलं. १५०० रुपये भरणाऱ्या पोरांचं. पैसे गेले म्हणून नाही, कारण शिकवण्याचे पैसे घेणं हा गुन्हा नाही. पण ही गोष्ट मुळात सगळ्यांची आहे, ती उघडून आत बघता येते, बदलता येते, धाकट्या भावाला देता येते, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. दार उघडं होतं, पण त्यासमोर कपाट सरकवून ठेवलं होतं.

म्हणून मी शेवटी जी अट लावली ती माझ्या भागापुरती आहे. खिडकी आणि मराठी सूचना आता जीपीएल या परवान्याखाली आहेत. १९८९ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी तो पहिल्यांदा आणला. विकायचं असेल तर खुशाल विका, पण घेणाऱ्याला मूळ कोड द्या आणि पुढे वाटायचा त्याचा हक्क हिरावू नका. ब्लास्ट आहे तसंच मोकळं आहे. त्याला अट लावणारा मी कोण? आणि पहिल्या पानावर आता बाकीच्यांची नावं आहेत, माझं सगळ्यात खाली.

मित्र म्हणाला, "कुणी मोडला परवाना तर कोर्टात जाणार आहेस का?" नाही जाणार. तेवढे पैसे नाहीत. पण ती अट चोरासाठी लिहिलेलीच नाही. ज्या पोराच्या हातात तो पेनड्राइव्ह चौथ्या-पाचव्या हाताने पोचेल, त्याच्यासाठी ती आहे. त्याने फाइल उघडली तर त्याला कळावं, की हे तुलाही देता येतं.

बाबांना विचारलं, पोतं विकणाऱ्या त्या माणसाला नंतर काय म्हणालात? बाबा म्हणाले, "काई नाई. दुसऱ्या साली आला, त पुन्हा देल्लं. एवढंच म्हनलं, तुयाकडं कोनी मांगाले आलं त नाई म्हनू नको."

त्याने ते ऐकलं का, हे बाबांना माहीत नाही. त्यांनी विचारलंही नाही.