श्वास पुरला नाही, म्हणून होकार?

'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन आपण लग्नाच्या बैठकीपासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत सगळीकडे वापरतो. माणूस गप्प राहिला, म्हणजे त्याला मान्य आहे. माझ्या आजोबांना, आप्पांना, पार्किन्सन्स झाल्यापासून मला हे वचन धोक्याचं वाटायला लागलंय.

पार्किन्सन्स म्हटलं की डोळ्यांसमोर थरथरता हात येतो. पण हा आजार छातीतही शिरतो. मेंदूत डोपामिन कमी पडतं, स्नायू ताठरतात, आणि त्यात फासळ्यांमधले स्नायूही आले. छाती पुरती फुलत नाही, श्वास जोरात बाहेर टाकता येत नाही. खोकल्यातला जोर जातो, मग श्वासनलिकेत गेलेला अन्नाचा कणही बाहेर पडत नाही. या रुग्णांच्या मृत्यूचं एक मोठं कारण न्यूमोनिया आहे, ते बऱ्याच अंशी यामुळेच. अनेक जण दम लागल्याची तक्रारही करत नाहीत, कारण दम लागण्याइतकी हालचालच उरलेली नसते.

आवाज म्हणजे तरी काय? बाहेर पडणारा श्वासच. तो तोकडा पडला की वाक्य अर्ध्यातच विरतं. चेहराही ताठर झालेला, त्यामुळे नाराजी तिथेही उमटत नाही.

गावचं घर विकायची चर्चा निघाली तेव्हा आप्पांना रीतसर विचारलं गेलं. त्यांनी श्वास घेतला, ओठ हलले, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "चला, आप्पांची ना नाही." संध्याकाळी, गोळीचा असर असताना, ते मला हळू पण स्पष्ट म्हणाले, "विचारलं सगळ्यांनी. ऐकायला कुणी थांबलं नाही रे."

दुसऱ्याचं मत कळावं म्हणून आपण किती थांबायला बांधील आहोत? प्रश्न सोपा नाही. रात्रंदिवस सांभाळणारं माणूस दमलेलं असतं, डॉक्टरांच्या दाराशी रांग असते. शिवाय जेम्स पार्किन्सनने 1817 मध्ये या आजारात बुद्धी शाबूत राहते असं लिहिलं असलं, तरी पुढे अनेकांच्या स्मृतीवर आणि विचारांवरही परिणाम होतो, हे आज माहीत आहे. पण क्षीण आवाज हा त्याचा पुरावा नव्हे. तो फक्त श्वास कमी पडल्याचा पुरावा आहे.

मला वाटतं, विरोध ऐकू आला नाही म्हणजे संमती मिळाली, असं होत नाही. 'नाही' म्हणायला जागा करून देणं ही विचारणाऱ्याची जबाबदारी आहे. गोळीचा असर असेल ती वेळ निवडायची, टीव्ही बंद करायचा, एका वेळी एकच प्रश्न विचारायचा आणि मग गप्प बसायचं. याला लागतात फार तर काही मिनिटं.

फोनला रेंज नसली की आपण "आवाज येत नाहीये, परत सांग" म्हणतो. पलीकडच्याने होकार दिला, असं धरून फोन ठेवत नाही.