फॉर्म भरू की नको? 'अशेष' या एका शब्दावर थोडं चिंतन



आजचा श्लोक : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६३.

गीता इथे संपत आलेली असते. कर्म, ज्ञान, भक्ती, तीन गुण, सगळं सांगून झालंय. विश्वरूपही दाखवून झालंय. आता आपल्याला वाटतं, शेवटी एक ठणठणीत आज्ञा येणार : "ऊठ, हे कर." पण भगवंत वेगळंच बोलतात. मी तुला गुह्यातलं गुह्य ज्ञान दिलं, आता त्यावर पुरता विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे वाग, असा या श्लोकाचा भावार्थ आहे.

खरं सांगू का, हा श्लोक वाचला की मला थोडी भीतीच वाटते. ज्याला सगळं माहीत आहे, तोच निर्णय आपल्या हातात ठेवतो. वर एक अटही घालतो. विचार 'अशेष' करायचा. शेष काही ठेवायचं नाही. भागाकारात बाकी शून्य यावी लागते, तसा.

हा शब्द आज घ्यायचं कारण म्हणजे माझी मावसबहीण. नाशिकला असते. नीटचा हा तिचा दुसरा प्रयत्न होता. मार्क आले ७२० पैकी ४३१. वाईट नाहीत, पण सरकारी एमबीबीएसच्या मागच्या याद्या बघितल्या तर कमीच. निकालानंतर चार दिवस ती कुणाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिचा फोन आला. "ताई, कौन्सेलिंगचा फॉर्म भरू का? की उगाच स्वतःचं हसं करून घेऊ?"

घरात तोवर तीन मतं तयार झाली होती. मावशी म्हणत होती, देवाच्या मनात नसेल तर सोडून दे. काका म्हणत होते, प्लॉट विकतो, इन्स्टिट्यूट कोट्यातून घेऊ. आणि मामांनी तर थेट गीताच काढली : "मार्कांनीच सांगितलंय बाळा, हा तुझा स्वधर्म नाही."

तिघांचंही तिच्यावर प्रेम आहे. पण मला वाटतं, तिघांच्याही विचारात काहीतरी 'शेष' राहिलं होतं.

मार्क कुणाचे?

आधी मार्कांचं बघू. नीटमध्ये १८० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकलं तर १ वजा. अर्धे मार्क बायोलॉजीला, उरलेले अर्धे फिजिक्स आणि केमिस्ट्रीला. गेल्या काही वर्षांत दरवर्षी वीस लाखांहून जास्त मुलं बसतात आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा आहेत लाखाच्या थोड्या वर. म्हणजे सगळी मुलं अगदी जीव तोडून शिकली तरी बहुतेकांना ही जागा मिळणारच नाही. हे साधं गणित आहे. यात कुणाच्या लायकीचा निकाल लागत नाही.

आता याच अठराव्या अध्यायातला १४ वा श्लोक बघा. कुठल्याही कर्माची पाच कारणं तिथे सांगितली आहेत : अधिष्ठान, म्हणजे कर्म जिथे घडतं तो आधार; कर्ता; करणं, म्हणजे साधनं; नाना तऱ्हेचे प्रयत्न; आणि पाचवं दैव. हे आपल्या भाषेत आणू. शरीराची साथ, घरातलं वातावरण, पुस्तकं आणि क्लास, रात्री दोनपर्यंतचं जागरण, त्या दिवशी आलेला पेपर. त्या ४३१ मध्ये हे सगळं मिसळलेलं आहे. आणि पुढे १६ व्या श्लोकात भगवंत सांगतात की जो एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला नीट दिसतच नाही.

हे टॉपरसाठी जितकं खरं, तितकंच ४३१ वाल्यासाठी. अहंकार फक्त "मी केलं" असं म्हणतो असं नाही. "मीच नालायक" हेही अहंकाराचंच बोलणं आहे. फक्त रडक्या आवाजातलं.

पण म्हणून मार्कांना काही अर्थच नाही असंही म्हणायचं नाही हं. ते खरे आहेत, यादी त्यांच्यावरच लागणार आहे. ते डोळे उघडे ठेवून बघायचे, हा 'अशेष'चाच भाग.

अधिकार कशावर?

दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक आपल्या सगळ्यांना पाठ असतो. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही. नीटच्या बाबतीत हा 'अधिकार' अगदी शब्दशः आहे बघा. खुल्या गटाला ५० पर्सेंटाइल, बहुतेक राखीव गटांना ४० पर्सेंटाइल, एवढं झालं की विद्यार्थी पात्र ठरतो. पात्र म्हणजे काय? सीट मिळाली असं नाही. फॉर्म भरायचा अधिकार मिळाला, एवढंच.

माझी बहीण पात्र होती. फॉर्म भरणं हे तिचं कर्म. जागा देणं-न देणं हे यादीचं काम. मग "नाही आलं तर?" या भीतीने ती फॉर्मच भरत नसेल, तर ते फळच धरून बसणं झालं ना? आपण त्याला समजूतदारपणा म्हणतो, कधी कधी वैराग्यसुद्धा म्हणतो. पण त्याच श्लोकाचा शेवटचा चरण आपण पटकन ओलांडून जातो. तिथे सांगितलंय की कर्म न करण्याचीही आसक्ती नको. मावशीचं "देवाच्या मनात नसेल" मला म्हणूनच अपुरं वाटलं. देवाच्या मनातलं कळायला आधी फॉर्म तर भरायला हवा!

एक व्यवहाराची गोष्टही सांगते, कारण ती अनेकांना माहीत नसते. प्राधान्यक्रम भरताना वरच्या नंबरवर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालच्या पर्यायांचं नुकसान होत नाही. गुणवत्ता क्रमाने तुमची पाळी आली की तुमच्या यादीतलं वरून पहिलं जे उपलब्ध असेल ते मिळतं. म्हणजे मनातली खरी इच्छा पहिल्या नंबरवर लिहायला काहीच हरकत नाही. मात्र जिथे मिळालं तरी जायचंच नाही, ते यादीत लिहू नये. नंतरच्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर अनामत रक्कम जाऊ शकते, आणि दुसऱ्या कुणाची जागा अडते ती वेगळीच. फेऱ्यांचे नियम स्वतः वाचायचे. क्लासच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड म्हणजे शास्त्र नाही!

प्लॉट कुणाचा?

आता काकांचं. इथे मला जरा थांबावं लागलं, कारण त्यांचा त्याग बघून डोळ्यात पाणी येतं. पण 'अशेष' विचारात पैसाही येतो. विनाअनुदानित खासगी कॉलेजात वर्षाची फी लाखांत असते, आणि इन्स्टिट्यूट कोट्यात तर नेहमीच्या फीच्या कितीतरी पट. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. परदेशातून एमबीबीएस केलं तर परत आल्यावर इथे स्क्रीनिंगची परीक्षा पास व्हावीच लागते, तेव्हा तो रस्ताही दिसतो तितका सरळ नाही.

निष्काम कर्म म्हणजे "खर्चाचा विचार करू नकोस" असं नाही. फॉर्म भरण्यात धोका एकटीचा असतो, आणि तोही थोडा. प्लॉट विकण्यात धाकट्या भावाचं शिक्षण आणि आईवडिलांचं म्हातारपण असतं. ते आपण गृहीत धरू शकत नाही. "काहीही करून मिळवायचंच" ही जिद्द बाहेरून श्रद्धेसारखी दिसते, पण तीही फळाला तितकीच चिकटलेली असते. घाबरून न भरणं आणि हट्टाने विकत घेणं, दोन्हीकडे मन सीटमध्येच अडकलंय.

म्हणून मी तिला म्हटलं, घरात बसून आकडा आत्ताच ठरवा. यादी लागायच्या आधी. इथपर्यंत जमेल, याच्या पुढे नाही. एकदा नाव लागलं की त्या रात्री कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

स्वधर्म कुठे शोधायचा?

राहिले मामा. स्वधर्माचा मुद्दा तिसऱ्या अध्यायाच्या ३५ व्या श्लोकात येतो आणि अठराव्यात ४७ व्या श्लोकात पुन्हा येतो. दोन्हीकडे भगवंत म्हणतात की स्वधर्म 'विगुण' असला, म्हणजे करताना त्यात काही उणं राहिलं, तरी तोच श्रेयस्कर. मग कमी मार्क हे स्वधर्म सोडायचं कारण कसं होईल? गीतेने तर उण्यासकट तो धरायला सांगितलाय.

हां, पण डॉक्टरकी हा तिचा स्वधर्म आहे का, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर मार्कांत नाही, आणि मामांकडेही नाही. ते "कशासाठी?" या प्रश्नात आहे.

मला इथे आनंदीबाई जोशी आठवतात. जन्म १८६५, कल्याणचा. स्वतःचं बाळ दहा दिवसांचं असताना गेलं, तिथून त्यांची वैद्यक शिकायची ओढ सुरू झाली. १८८३ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. रीतसर शाळेची भक्कम शिदोरी त्यांच्याकडे नव्हती. पत्रात त्यांनी आपलं शिक्षण किती ते सांगितलं आणि मग येण्याचं कारण सांगितलं : माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय. प्रवेश मिळाला. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. भारतात परतल्या, कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही झाली होती, पण काम सुरू होण्याआधीच १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती.

फळाच्या हिशेबाने बघितलं तर काय मिळालं? तरीही सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, आणि मुलगी डॉक्टर व्हायला निघाली की हे नाव आपल्याकडे अजूनही घेतलं जातं.

आजची यादी कुणाचं पत्र वाचत नाही, फक्त गुण बघते. म्हणून ते पत्र आपणच आपल्याला लिहायचं. बहिणीला मी तेच सांगितलं. "डॉक्टर ही पाटी, आत्याच्या मुलीशी बरोबरी, दोन वर्षं वाया गेली हे ऐकायला लागू नये म्हणून, अशी कारणं वगळ. मग जे उरेल ते लिही." दोन दिवसांनी तिने लिहिलं की आजोबांना पॅरालिसिस झाला तेव्हा त्यांचा हात रोज हलवून द्यायचं काम तिने केलं होतं, आणि तिला पुन्हा तसं कुणाच्या तरी जवळ बसायचंय.

मग यादी आपोआप सुचत गेली. वर सरकारी एमबीबीएस. घरच्या आकड्यात बसणारी दोन खासगी कॉलेजेस. त्याच नीटच्या गुणांवर फिजिओथेरपीलाही प्रवेश मिळतो, त्याचा फॉर्म वेगळ्या गटात, पण मनापासून भरला. बीएएमएस तिने भरलं नाही, आणि मला ते पटलं. आयुर्वेद ज्याला खरंच शिकायचाय त्याचा तो स्वधर्म. "ते नाही तर हे" म्हणून घेतलं की त्या शास्त्राचाही अपमान आणि आपलाही.

एक शेष तिनेच काढला. "ताई, मी कमी मार्कवाली. उद्या माझ्या हातून पेशंटचं वाईट झालं तर?" ही भीती मला फार मोलाची वाटली. नीट कुणालाच डॉक्टर करत नाही, ती फक्त वर्गाचं दार उघडते. डॉक्टर घडतो पुढच्या साडेपाच वर्षांत, वॉर्डात, रात्रपाळीत, परीक्षांत. ही भीती आज अर्ज थांबवायला वापरायची नाही. आत गेल्यावर पुस्तक मिटावंसं वाटेल, त्या रात्रीसाठी ती जपून ठेवायची.

यादी अजून लागायची आहे. काय लागेल ते तिलाही माहीत नाही, मलाही नाही. पण ती आता नीट झोपते, असं मावशी म्हणाली.

आजची साधना

तुमच्यासमोर कुठलाही फॉर्म असो, नीटचा, नोकरीचा, परदेशाचा, आज रात्री वहीत चार ओळी लिहा. मला हे कशासाठी हवंय? यात माझ्याशिवाय कुणाकुणाचं काय पणाला लागलंय? माझी शेवटची मर्यादा कोणती? आणि 'नाही' आलं तर त्याच कारणासाठी दुसरं काय करीन? चारही ओळी झाल्या की वही देवापुढे ठेवा. निर्णय मात्र त्याच्याकडे मागू नका, तो त्याने आपल्यालाच दिलाय. मागायचंच असेल तर एवढं मागा :

पांडुरंगा, विचार करताना मला काही लपवू देऊ नकोस. आणि विचार झाल्यावर मला थांबू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी. उद्या भेटू.