हक्कदार अनोळखी असेल, तर माफी कुणाकडे मागावी?



कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या पाळ्यांप्रमाणे नमाजींची गर्दी कमीअधिक होते. गेल्या पावसाळ्यात जुम्याच्या नमाजनंतर दोन तरुण मागे थांबले. त्यांपैकी एक जण एका कारखान्याच्या डिस्पॅच विभागात कामाला आहे. त्याच्या मोबाईलच्या पडद्यावर निळा समुद्र होता आणि त्यावर असंख्य लहान बाण पसरलेले होते. एका बाणावर बोट ठेवून तो म्हणाला, "मौलाना, आमची कास्टिंगं या जहाजात आहेत. न्हावाशेवाहून सुटलेलं जहाज आता कुठं पोचलं, ते इथं बसून दिसतं." मला त्याचे कौतुक वाटले. दुसरा तरुण मात्र गप्प होता. पहिला निघून गेल्यावर त्याने विचारले, "मौलाना, ज्याचं नुकसान केलं त्याची माफी मागितल्याशिवाय तौबा पुरी होत नाही ना? पण तो कोण आहे, हेच ठाऊक नसेल तर?"

हा तरुण मशीन शॉपमध्ये काम करतो. मुसळधार पावसाच्या एका रात्री, वापरून काळे पडलेले तेल आणि कूलंट यांची बॅरले मागच्या ओढ्यात रिकामी करण्यास त्याला सांगण्यात आले होते. त्याने ती केली. सकाळपर्यंत पाण्याने सगळी खूण धुऊन नेली. मनातली मात्र गेली नव्हती.

मी त्याला इस्तिगफार करण्यास सांगून घरी पाठवले. ते उत्तर घाईचे होते, हे मला त्याच दिवशी जाणवले. पुढे त्या मोबाईलवरच्या बाणांविषयी कुतूहल वाटून मी जहाजांबद्दल वाचू लागलो, तेव्हा समुद्रावरही हाच प्रश्न उभा असलेला दिसला.

समुद्रावरची काळी रेघ

जहाजाच्या इंजिनाच्या खोलीत तळाशी तेलमिश्रित पाणी साचत असते. ते समुद्रात कसे सोडावे, याचा 'मारपोल' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याचे तेलाविषयीचे नियम १९८३ पासून लागू आहेत. साचलेले पाणी यंत्रातून गाळून घ्यावे, त्यात तेलाचे प्रमाण दहा लाख भागांत १५ भागांहून अधिक असू नये आणि प्रत्येक वेळेची नोंद तेलाच्या नोंदवहीत करावी, असा दंडक आहे. उरलेला गाळ बंदरावर जमा करण्यास पैसे लागतात, म्हणून काही जहाजांवर गाळणीयंत्राला वळसा घालणारा एक नळ गुपचूप जोडतात. दर्यावर्दी लोक त्याला 'जादूचा नळ' म्हणतात. रात्री तेल समुद्रात जाते आणि वहीत खोटी नोंद होते.

अपघात आपल्या लक्षात राहतात. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजे एकमेकांवर आदळली. शेकडो टन तेल सांडले. उरण आणि अलिबागकडच्या मच्छीमारांचे हाल झाले, खारफुटी काळवंडली. पुढच्याच ऑगस्टमध्ये कोळसा वाहणारे 'रॅक कॅरिअर' मुंबईजवळ बुडाले आणि त्यातील इंधन किनाऱ्याकडे वाहत आले. त्या प्रकरणी राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये जहाजाशी संबंधित परदेशी कंपन्यांना १०० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. येथे जहाजाचे नाव ठाऊक होते, म्हणून जाब विचारता आला.

आता दुसरे चित्र पाहा. पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबराचे काळे गोळे येऊन पडतात. समुद्रात सांडलेल्या तेलाचा हलका भाग उडून जातो आणि जड भागाच्या गुठळ्या वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागतात. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या गोळ्यांचा अभ्यास केला आहे. टाक्या धुऊन तेलकट पाणी सोडणारी जहाजे हे त्यांचे एक कारण मानले जाते. वाळूत खेळणाऱ्या मुलाच्या तळपायाला तो गोळा चिकटतो, कोळ्याचे जाळे खराब होते. पण हे कुणाच्या हातून झाले, ते विचारायला समोर कुणी नसते.

म्हणूनच पाळत वाढली. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टन आणि त्यावरील जहाजांवर २००४ च्या अखेरीपासून स्वयंचलित ओळख यंत्रणा सक्तीची आहे. ती जहाजाचे नाव, जागा, दिशा आणि वेग सतत कळवत राहते. पडद्यावरचे ते बाण म्हणजे हेच संकेत. जहाजांची टक्कर टळावी, हा तिचा मूळ हेतू. उपग्रहावरील रडार मात्र तेलही पाहते. तेलाने पाण्यावरच्या बारीक लाटा निवतात आणि रडारच्या चित्रात तेथे काळी रेघ उमटते. त्या रेघेशी जहाजाचा मार्ग जुळवला की संशयित सापडतो. युरोपात २००७ पासून अशी टेहळणी चालू आहे. तरीही चाच्यांच्या भीतीसारख्या खऱ्या कारणासाठी कप्तानाला जी यंत्रणा बंद करण्याची मुभा आहे, तीच कुणी लबाडीसाठीही बंद करतो आणि बाण पडद्यावरून नाहीसा होतो.

नजर कुणाची?

वाचकहो, येथे थांबून स्वतःला विचारा. बाण नाहीसा झाला म्हणजे जहाज नाहीसे होते काय? हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील दूधवालीच्या मुलीची गोष्ट आपण घरोघरी सांगतो. उमर पाहत नसले तरी उमरचा रब पाहतो, म्हणून तिने दुधात पाणी मिसळण्यास आईला नकार दिला. सूरह लुकमानमध्ये हजरत लुकमान आपल्या मुलाला समजावतात की, मोहरीच्या दाण्याएवढे कर्म खडकात दडलेले असले तरी अल्लाह ते हजर करील. सूरह जिलजाल सांगते की, त्या दिवशी जमीन स्वतःवर घडलेले सारे सांगेल. मग ओढाही बोलेल आणि समुद्रही.

"एवढ्या मोठ्या समुद्राला एवढ्याशा तेलाने काय होते?" हा युक्तिवाद जहाजावरचा आणि ओढ्याकाठचा सारखाच आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी समुद्राचे पाणी पाक आणि त्यातील मासा हलाल असल्याचे सांगितले. ज्या पाण्याने आपला वुजू होतो आणि ज्यातून कोळ्याची रोजी येते, त्या पाण्यावर माझ्या एकट्याचा हक्क कसा असेल? कागलच्या ओढ्यांचे पाणी नदीला, नदी कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला मिळते. आपला माल पश्चिमेच्या समुद्रावरून जातो आणि आपले सांडपाणी पूर्वेच्या. वाटेत किती गावे ते पाणी पितात, याचा हिशेब आपण कधी केला आहे का?

हुकूम आणि जबाबदारी

तो तरुण म्हणेल, "मला सांगितलं होतं." त्याची अडचण खरी आहे. कंत्राटी कामगाराला उद्या कामावर येऊ नको म्हणायला फार वेळ लागत नाही. हुकूम देणाऱ्याचे पाप हुकूम मानणाऱ्याहून मोठे आहे, यात शंका नाही. परंतु निर्मात्याची अवज्ञा होत असेल तेथे निर्मितीची आज्ञा पाळायची नाही, हे तत्त्व आपल्याला हदीसने शिकवले आहे.

याचे एक उदाहरण समुद्रावरच घडले. ऑगस्ट २०१३ मध्ये 'कॅरिबियन प्रिन्सेस' या प्रवासी जहाजावर नव्याने रुजू झालेल्या एका कनिष्ठ अभियंत्याला जादूचा नळ दिसला. इंग्लंडच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर हजारो गॅलन तेलकट पाणी सोडले गेले होते. बंदर येताच तो नोकरी सोडून उतरला आणि त्याने अधिकाऱ्यांना कळवले. वरिष्ठांनी नळ काढून टाकला, हाताखालच्यांना खोटे बोलायला लावले. तरी अखेर कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि तिला चार कोटी डॉलरचा दंड झाला. या प्रकरणाची सुरुवात उपग्रहापासून झाली नव्हती, एका माणसाच्या जाग्या अंतःकरणापासून झाली होती.

सहीह बुखारीतील जहाजाची हदीस येथे आठवते. तळमजल्यावरच्या लोकांनी आपल्या वाट्याच्या जागेत भोक पाडायचे ठरवले आणि वरच्यांनी त्यांना अडवले नाही, तर सारेच बुडतात. हात धरला, तर सारेच वाचतात. हात धरणे हे केवळ कामगाराचे काम नाही. मीही कबूल करतो की, मशिदीला वर्गणी देणाऱ्यांत कारखानदार असतात, म्हणून खुत्ब्यात हा विषय काढताना माझी जीभ अनेक आठवडे अडखळली. वर बसलेल्यांत मीही होतो.

तौबेचा मार्ग

आता त्या तरुणाच्या मूळ प्रश्नाकडे वळू या. अल्लाहचा हक्क बुडवला, तर पश्चात्ताप, पाप सोडणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय यांनी तौबा होते. बंद्यांचा हक्क बुडवला, तर तो परत करणे किंवा माफ करून घेणेही आवश्यक असते. हक्कदार सापडत नसेल, तर आपल्या फुकहांनी मार्ग दाखवला आहे: तेवढी रक्कम त्याच्या वतीने गरजूंना द्यावी आणि त्यात स्वतःसाठी सवाबाची नियत ठेवू नये, कारण ते दान नसून कर्जाची फेड आहे. पाण्याच्या नुकसानीला हे कसे लागू करावे, याचा तपशील जाणत्या मुफ्तींना विचारावा.

पण माझ्या मते अनोळखी हक्कदाराची खरी माफी म्हणजे पुढचे बॅरल थांबवणे. वापरलेले तेल अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यावे, हा देशाचा कायदाही आहे. मालकांनी त्याचा खर्च हा व्यवसायाचाच खर्च मानावा. तो वाचवून मिळालेला नफा कुणा अनोळखी माणसाच्या पाण्यातून उचललेला असतो.

पुढच्या जुम्याला मी त्या तरुणाला हे सारे सांगितले. तो म्हणाला, "मौलाना, पुन्हा सांगितलं तर नाही म्हणेन. पण तुम्ही मालकांशीही बोला." त्याची मागणी रास्त होती. पहिल्यांदा मी त्याच आठवड्यात बोललो, आणि हा लेख त्याच बोलण्याचा पुढचा भाग आहे.

हे अल्लाह, जे कुणालाच दिसत नाही अशा कर्मातही तुझी जाण आम्हांला दे. ज्यांचे हक्क आम्ही अजाणता वा जाणूनबुजून बुडवले, त्यांची फेड याच जगात करण्याची तौफीक दे. आमीन.