‘सौभद्र’ पुन्हा उभे करताना

जुने संगीत नाटक नव्याने रंगमंचावर आणणे म्हणजे त्याचे मूळ रूप जसेच्या तसे परत मिळवणे, असा एक समज रसिकांत रूढ आहे. परंतु अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’सारख्या नाटकाच्या बाबतीत हे मूळ रूप कोणते, हाच प्रश्न आधी सोडवावा लागतो. या नाटकाचे पहिले तीन अंक नोव्हेंबर 1882 मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले आणि पुढील वर्षी ते पाच अंकांत पूर्ण झाले. शंभराहून अधिक पदे असलेल्या त्या संहितेत साकी, दिंडी, कामदा ही कीर्तनात रुळलेली पद्यरूपे, लावणीच्या व स्त्रीगीतांच्या चाली आणि कर्नाटकी वळणाची पदे एकत्र नांदत होती. यांतील बहुतेक पदे आटोपशीर असून ती कथानकाचेच काम करतात, म्हणजे बातमी सांगतात, शंका विचारतात, टोमणा मारतात, आणि पद संपताच त्याचे उत्तर पुढच्या गद्य वाक्यात येते.

आज ज्याला नाट्यसंगीत म्हणून ओळखले जाते ते मात्र प्रामुख्याने नंतरच्या वळणाचे आहे. 1911 साली आलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी उत्तर हिंदुस्थानी संगीतातील चिजांवर आधारलेल्या चाली दिल्या आणि तेव्हापासून पदाला आलाप-तानांच्या विस्ताराची मोकळीक मिळाली; गायक-नट बालगंधर्वांच्या काळात ‘वन्समोअर’च्या, म्हणजे तेच पद पुन्हा गाण्याच्या मागण्यांमुळे प्रयोग रात्रभर लांबू लागले. जुन्या ‘सौभद्र’लाही हीच गायकी चढली. सुभद्रेची भूमिका गाजवणारे भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये वारले आणि भारतात तबकड्यांचे ध्वनिमुद्रण त्याच्या पुढच्या वर्षी सुरू झाले, त्यामुळे त्यांचे गाणे तबकडीवर कधीच आले नाही, आणि परंपरा म्हणून जे कानांत साठले आहे ते बहुतांशी तबकड्यांच्या काळातले आहे. (त्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची असे आणि त्या मर्यादेत मोठमोठ्या गायकांची पदे पुरी होत असत, हे विस्ताराच्या कैवाऱ्यांनी लक्षात घ्यायला हरकत नाही.)

परंपरा जपण्याची दुसरी एक रीत तुलनेसाठी पाहता येईल. लंडनमध्ये गिल्बर्ट आणि सुलिव्हन यांचे ‘आयोलँथी’ हे संगीत नाटकही नोव्हेंबर 1882 मध्येच प्रथम सादर झाले. गिल्बर्टच्या संहितांचे हक्क 1961 पर्यंत टिकून असल्याने आणि व्यावसायिक प्रयोग डॉयली कार्ट या एकाच कंपनीच्या हाती राहिल्याने तेथे हालचाली आणि विनोदाच्या जागासुद्धा पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या. मराठी रंगभूमीवर ते काम गायकांच्या स्मरणावर सोपवले गेले आणि स्मरणाने आपल्या आवडीप्रमाणे निवड केली. त्यात खंत करण्याजोगे फारसे नाही, कारण गोठलेले नाटक हेही एक प्रकारचे मरणच असते. मात्र जे आपण निवडले आहे त्यालाच मूळ म्हणण्याचा आग्रह सोडला पाहिजे.

या दृष्टीने रत्नागिरीचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. राज्य संगीत नाट्य स्पर्धेचे प्रयोग पाहिलेल्या या शहरात ‘खल्वायन’सारखी हौशी कलावंतांची संस्था जुन्या संगीत नाटकांबरोबर नवी संगीत नाटकेही करते, आणि नट स्वतः गाणारा असावा व ऑर्गन-तबल्याची साथ प्रत्यक्ष असावी ही अट येथे अजून गृहीत धरली जाते. आसपासच्या गावांतील देवळांच्या उत्सवांत गावकऱ्यांनी नाटक बसवण्याची प्रथा आणि गण, गवळण व वग यांतून गाणे-बोलणे एकमेकांत मिसळणारे नमन-खेळे यांमुळे पात्राने बोलता बोलता गाऊ लागणे येथील प्रेक्षकाला विचित्र वाटत नाही. मुंबई-पुण्यातील निवडक नाट्यगीतांच्या मैफलींनी जे हरवले, ते नेमके हेच आहे.

तरीही वेळेची अडचण येथेही सुटलेली नाही. पाच अंकांचे नाटक तीन तासांच्या आत बसवताना लोकप्रिय पदे ठेवावीत, त्यांचा विस्तारही ठेवावा आणि साकी-दिंडीसारखी छोटी पदे गाळावीत, हा मार्ग स्वाभाविक वाटतो. पण गळालेल्या पदांबरोबर कथेचे दुवेही जातात. सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी ठरवणारा बलराम, वरकरणी त्याला विरोध न करणारा कृष्ण आणि यतिवेषातला अर्जुन यांच्यामधली लपवाछपवी या लहान पदांवर बरीच अवलंबून आहे, आणि ती गेली की प्रसंग दोन मोठ्या गाण्यांमधला निरोप्या होऊन बसतो. दिग्दर्शकाने तालमीत एकच गोष्ट पाहावी: एक पात्र गात असताना दुसरे पात्र काय करते. ते ऐकत असेल, चिडत असेल, गालात हसत असेल तर पद नाटकात आहे. ते ऑर्गनकडे बघत गायकाला दाद देत उभे असेल तर तेथे कात्री लावावी, मग ते पद कितीही गाजलेले असो. अशा कात्रीने वाचलेल्या मिनिटांत डझनभर साक्या आणि दिंड्या सहज परत येऊ शकतात, आणि त्या म्हणायला तयार गळ्यापेक्षा स्वच्छ शब्दोच्चाराची आवश्यकता अधिक असल्याने हौशी संचाला त्या मोठ्या गायकीपेक्षा अधिक आवाक्यातल्या आहेत.