सुरजागडच्या लोहाची पूर्वपीठिका

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर हेमॅटाइट, म्हणजे लोह आणि ऑक्सिजन यांचे संयुग असलेले खनिज आहे, तर चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूर, घुग्घुस व माजरी येथे पर्मियन काळातील, म्हणजे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींपासून झालेला कोळसा आहे. खनिजे पृथ्वीच्या पोटात तयार होतात, असे म्हणण्याची रीत आहे. परंतु लोहाचा अणू घडवण्याइतकी उष्णता पृथ्वीच्या पोटात कधीच नव्हती, आणि तिने आयते मिळालेले अणू निवडून एका जागी साठवले, एवढेच तिचे कार्य.

सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी, विश्वाच्या आरंभी, हायड्रोजन, हेलियम आणि अत्यल्प लिथियम एवढीच मूलद्रव्ये होती. उरलेली बहुतेक मूलद्रव्ये ताऱ्यांत घडली, हे मार्गारेट व जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल यांनी 1957 मध्ये एका दीर्घ शोधनिबंधात सविस्तर मांडले. हॉइल हे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू, त्यामुळे मराठी वाचकांना ते परके नाहीत. हेलियमची तीन केंद्रके जुळून कार्बन होण्यासाठी कार्बनच्या केंद्रकाला एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, हे त्यांनी केवळ तर्काने सांगितले आणि 1953 मध्ये प्रयोगात ती सापडलीही. विसाव्या शतकातील विज्ञानात इतके निर्भय भाकीत क्वचितच आढळते.

लोहाची कथा निराळी आहे. लोहाच्या आसपासच्या केंद्रकांतील कण सर्वांत घट्ट बांधलेले असल्यामुळे त्यांच्या पुढच्या मीलनातून ऊर्जा मिळत नाही, आणि म्हणूनच मोठ्या ताऱ्याचा गाभा तेथवर पोचला की तो स्वतःच्या भाराने कोसळतो. लोहाचा मोठा वाटा मात्र श्वेतबटूंच्या, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्यांच्या, स्फोटांतून आला. सूर्याच्या सुमारे 1.4 पट वस्तुमानाची जी मर्यादा खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांनी दाखवली, तिच्याशी या स्फोटांचा संबंध जोडला जातो. त्यांत प्रथम निकेल बनते, ते काही दिवसांत कोबाल्ट होते आणि काही महिन्यांत त्याचे लोह होते. ऑक्सिजन मुख्यतः मोठ्या ताऱ्यांतून आला. तेव्हा सुरजागडच्या एका खड्यात दोन वेगळ्या कुळींच्या ताऱ्यांचे द्रव्य एकत्र आले आहे.

ताऱ्यांनी अणू दिले तरी ते कसे रचले गेले, यावर सारे अवलंबून असते. चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या लोहखनिजावरील 1882 च्या अहवालाने जमशेटजी टाटांचे लक्ष वेधले होते. परंतु जवळच्या वरोऱ्याच्या कोळशात कार्बन असूनही तो भट्टीला योग्य ठरला नाही, आणि पुढे टाटांचा पोलाद कारखाना साकची, म्हणजे आजच्या जमशेदपूर, येथे उभा राहिला. लोहखनिजाची रचना तर याहून दुर्मीळ. जगातील पट्टेदार लोहखडक बहुतांशी अब्जावधी वर्षांपूर्वीच्या समुद्रात साचले, कारण तेव्हाच्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसल्याने लोह विरघळून राहू शके आणि ऑक्सिजन मिळेल तसे ते तळाशी बसे. आजच्या समुद्रात ऑक्सिजन सर्वत्र मिसळलेला असल्यामुळे इतके लोह विरघळून राहतच नाही, आणि तसे विस्तीर्ण थर आता कोठेही साचत नाहीत.