शाळेच्या समितीला माळकऱ्याने उभे राहावे काय?

माउलींची पालखी सासवड मुक्कामी होती. रात्रीचे कीर्तन आटोपून राहुटीत पाठ टेकली, तोच आमच्या दिंडीतला एक तरुण टाळकरी जवळ येऊन बसला. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलला, मग म्हणाला, "बुवा, एक विचारायचं होतं. गावच्या शाळेची समिती बदलायचीय. माणसं म्हणतात, तू उभा राहा. पण गळ्यात माळ घालून मतं मागत दारोदार फिरायचं, हे काही मनाला पटंना."

वाचकहो, प्रश्न आमदारकीचा नाही, सरपंचकीचाही नाही. एका चार खोल्यांच्या शाळेचा आहे. म्हणून तो हलका मानू नये. माणसाची पारख मोठ्या पदावर होत नाही इतकी अशा लहान पदावर होते.

ही समिती म्हणजे काय, हे आधी सांगतो, कारण पुष्कळ पालकांनाच ते ठाऊक नसते. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डांच्या स्कूल बोर्डांकडे गेला. पुढे १९४७ चा कायदा आला, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. एवढे सगळे झाले तरी गावातल्या आईबापाला शाळेत अधिकाराने बोलायची जागा नव्हती. गाऱ्हाणे घेऊन तालुक्याला जावे आणि साहेब भेटले नाहीत म्हणून परत यावे, असा प्रकार. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद त्या शाळेतल्या मुलांचे आईबाप किंवा पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. शाळा नीट चालते की नाही ते पाहणे, शाळेचा विकास आराखडा करणे, आलेले अनुदान कशावर खर्च झाले ते तपासणे, ही तिची कामे. पगार नाही, मानधन नाही. सभासद पालकसभेत निवडतात. एकमत झाले तर ठीक, नाही तर मते पडतात.

आता त्या तरुणाची शंका. ती खोटी नव्हे. आपल्या वाटेवर थोरला धाकट्याच्या पाया पडतो, धाकटा थोरल्याच्या. समोरच्याला माउली म्हणायचे आणि आपण त्याच्या पायाची धूळ व्हायचे, हीच सवय आयुष्यभर अंगी लावायची. आणि निवडणुकीत काय म्हणायचे? तो नको, मी बरा. आपल्या तोंडाने आपली थोरवी! शिवाय समोर उभा राहणारा कोणी परका नसतो. त्या तरुणाच्या समोरचा तर त्याच्याच भजनी मंडळातला पखवाजी होता. दर एकादशीला ज्याच्या ठेक्यावर टाळ धरायचा, त्याच्याशी मतांची ओढाताण करायची.

हेच सारे मी एकदा बोललो होतो, आणि तेच मला खुपते.

२०१३ च्या सुमाराला माझी धाकटी मुलगी गावच्या शाळेत होती. लोकांनी मला अध्यक्ष हो म्हणून गळ घातली. मी हात जोडले, म्हणालो, मला पंढरीची वाट पुरे आहे, असल्या उपाधी नकोत. देवळात त्या दिवशी माझ्या विरक्तीची वाखाणणी झाली. खोटे कशाला सांगू, ऐकताना बरे वाटले. पद सोडून मिळालेला मान पद घेऊन मिळणाऱ्या मानापेक्षा गोड लागतो, हे तेव्हा कळले नाही. पद ज्याला नावापुढे लावायला हवे होते त्याच्याकडे गेले. सभा भरायच्या त्या कागदावर; वही घरोघर फिरायची आणि सह्या व्हायच्या. मुलींच्या शौचालयाला कुलूप होते, कारण टाकीत पाणी नव्हते, आणि टाकीत पाणी नव्हते कारण ते कुणाचेच काम नव्हते. मुलींसाठी वेगळे शौचालय आणि पिण्याचे पाणी या दोन्ही गोष्टी त्या कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलेल्या आहेत. पण लिहिलेले वाचून दाखवायला कोणी नको का? वर्षभराने मुलगी सहज बोलून गेली, "दादा, मी शाळेत पाणीच पीत नाही. मग जावं लागत नाही." माझ्या निरहंकाराची किंमत सातवीतल्या पोरी भरत होत्या.

यावर कोणी म्हणेल, सेवेला पद कशाला हवे? गाडगेबाबांना कोणी निवडून दिले होते? खरेच आहे. बाबांनी हाती खराटा धरला तो कुणाला विचारून नव्हे. पण त्याच बाबांनी धर्मशाळा उभ्या केल्या त्या रीतसर कागद करून, विश्वस्त नेमून. आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली तीही तशीच. खराट्याला अधिकार लागत नाही. शाळेचे अंगण तुम्ही-आम्ही उद्या सकाळी झाडू शकतो. मात्र अनुदानाची वही उघडायची, पोषण आहाराचा तांदूळ किती आला नि किती शिजला हे विचारायचे, तर त्याला समितीतली जागा लागते. तिथे नुसता भाव उपयोगी पडत नाही.

आणि असे पाहा. सप्ताहात वीण्याचा पहारा असतो. कोणी किती ते किती उभे राहायचे याची यादी होते, आणि आपण पुढे होऊन सांगतो, "रात्री दोन ते चार माझं नाव घाला." त्याला कोणी अहंकार म्हणते का? वीणा गळ्यात असेपर्यंत खाली टेकवायचा नाही, आणि पुढचा आला की त्याच्या गळ्यात घालून त्याच्या पाया पडायचे. समितीची मुदत दोन वर्षांची. तोही पहाराच म्हणावा.

दाखला इथवर चालतो, पुढे लंगडतो, हेही कबूल केले पाहिजे. पहाऱ्याच्या यादीत कुणाचे नाव पडत नाही. निवडणुकीत पडते, आणि पडलेला माणूस उद्या त्याच गल्लीत राहतो. म्हणून मी त्या तरुणाला म्हटले, "मते मागायच्या आधी पखवाज्याच्या घरी जा. तू उभा का राहतोस, ते विचार. पाण्याच्या टाकीचं काय करणार, ते विचार. तो मनापासून करणार असेल तर तुझं नाव दिलं नाहीस तरी चालेल, त्याच्यामागं उभा राहा. नुसतं नावासाठी असेल तर मग लाजू नको. सांगताना मात्र शाळेविषयी सांग, त्याच्याविषयी एक अक्षर नको."

आमचे बोलणे चालले होते तेव्हा त्याची बायको राहुटीच्या तोंडाशी उद्याच्या भाकरीचे पीठ चाळत बसली होती. ती डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "बुवा, मघापासनं ऐकत्येय. दोन पुरुषांनी अहंकाराचा काथ्याकूट मांडलाय. दोन्ही पोरी माझ्या त्या शाळेत. हेडमास्तरांकडं टाकीचं विचारायला चार खेपा मी घातल्या. ह्यांना तर टाकी कुठल्या बाजूला हाय ते ठावं नाही."

तरुण हसला. मी हसलो नाही. निम्म्या जागा स्त्रियांच्या, हे मीच त्याला तासापूर्वी सांगितले होते, आणि तिला विचारायचे माझ्याही मनात आले नव्हते.

"मग तुझंच नाव द्यायचं का?" मी विचारले.

ती लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली, सभेत माणसांपुढे बोलायची सवय नाही, तोंडाला कोरड पडते. अहंकाराची भीती तिला नव्हतीच; तिची भीती निराळी होती, आणि तिच्यावर माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी जेजुरीच्या वाटेवर ती टाकीचे बोलणे मला म्हणून दाखवत चालली. पहिल्या खेपेला अडखळली. तिसऱ्या खेपेला शेजारच्या दिंडीतल्या दोन बायका ऐकायला जवळ आल्या, आणि त्यांच्याही गावच्या टाकीची गोष्ट निघाली.